न्यू जर्सीतलं घर, पुण्याची ओढ आणि सत्तरीनंतरचे निर्णय

(पत्र बरंच मोठं होतं. त्यातला मुख्य भाग संक्षेपाने देत आहे.)

"मी ७२ वर्षांची आहे. १९७७ साली लग्न होऊन न्यू जर्सीत आले. बावीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली. यजमान चौदा महिन्यांपूर्वी गेले. मुलगा सिअ‍ॅटलला, मुलगी बॉस्टनजवळ. एडिसनच्या चार बेडरूमच्या घरात मी एकटी. मधुमेह आणि बीपी आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. रात्रीची गाडी चालवणं सोडलंय. मुलगा म्हणतो, घर माझ्या नावावर कर आणि इकडे राहायला ये. धाकटी बहीण सहकारनगरला असते, ती म्हणते, आता पुण्याला कायमची ये. कोथरूडला आमचा फ्लॅट आहे, पण सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघालीय आणि भाचा कुलमुखत्यारपत्र मागतोय.

शेवटचे तीन आठवडे हे फक्त मराठीत बोलत होते. इंग्रजी जणू पुसलंच गेलं. नर्सला काही कळायचं नाही. मी रात्रंदिवस शेजारी बसून सांगायचे, त्यांना पाणी हवंय, त्यांना कूस बदलायचीय. माझ्या वेळी हे कोण सांगणार? म्हणून वाटतं, आपल्या माणसांत जावं. जाऊ का परत? आणि काहीही ठरवलं तरी मुलांना कसं सांगू?"

– एक वाचक, एडिसन

ताई, सप्रेम नमस्कार.

थेटच सांगते. माझ्या मते तुम्ही पुण्याला कायमच्या जाऊ नये आणि मुलाकडेही राहायला जाऊ नये. एडिसनचं मोठं घर विकावं आणि त्याच भागात, ओळखीच्या माणसांच्या हाकेच्या अंतरावर, लहान एकमजली घर घ्यावं. तब्येत साथ देतेय तोवर थंडीचे तीन-चार महिने पुण्यात काढावेत. असं का वाटतं ते सविस्तर लिहिते. पटलं नाही तर खुशाल बाजूला ठेवा.

तुमचं मूळ पत्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. पुण्याबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय. सदाशिव पेठेतला वडिलांचा वाडा, कॉलेजच्या मैत्रिणी, तुळशीबागेतली खरेदी, पहाटे पर्वती चढणं. वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली आणि मैत्रिणींपैकी आता एकीशीच फोनवर बोलणं होतं, हेही तुम्हीच लिहिलंय. आजच्या पुण्यात रोज तुमच्यासाठी असणारं माणूस म्हणून पत्रात फक्त बहीण येते. आणि न्यू जर्सीविषयी तक्रार करता करता किती माणसं येऊन गेली बघा! समोरची पोलिश शेजारीण, जिचा मुलगा न सांगता तुमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून जातो. गुरुवारच्या भजनातल्या बायका, यजमान गेल्यावर महिनाभर आळीपाळीने डबा आणणाऱ्या. औषधांच्या दुकानातला तो फार्मासिस्ट, ज्याने दोन गोळ्या एकत्र घेऊ नका म्हणून आपणहून घरी फोन केला. मराठी मंडळाच्या गणपतीत मोदकांची जबाबदारी अजूनही तुमच्याकडे असते.

एवढी माणसं जोडायला तुम्हाला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. बहात्तराव्या वर्षी ती मागे टाकून नव्या गावात सुरुवात करायची आणि ते गाव एकेकाळी आपलं होतं म्हणून ते सोपं जाईल असं समजायचं, याची मला काळजी वाटते. पुणं तुमचं होतं तेव्हा तुम्ही चोवीस वर्षांच्या होतात.

पुण्याची बाजू मी हलकी करत नाही. तिथे जे मिळतं ते अमेरिकेत पैसे मोजूनही सहज मिळत नाही. ब्यूरोतून बारा किंवा चोवीस तासांची बाई मिळते, पोळ्यांना वेगळी बाई येते, औषधं एका फोनवर घरपोच होतात, रक्त घ्यायला लॅबचा माणूस दारात येतो. अथश्रीसारखे खास ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प पुण्यात आहेत, तिथे परतून आलेली अनेक जोडपी मजेत राहतात. जे जोडीने गेले, साठीत गेले, ज्यांचं एखादं मूल भारतात आहे, त्यांना मी अनेकदा जा म्हणूनच सांगितलंय. तुमचं तसं नाही.

बहिणीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय की तिच्या यजमानांना पार्किन्सन्स आहे, आणि लगेच पुढच्या विषयाकडे गेलात. मी त्या ओळीपाशी थांबले. बहिणीला तुम्ही मनापासून हव्या आहात, यात शंका नाही. पण ती स्वतः ६९ वर्षांची आहे, घरात आजारपण आहे आणि तिलाही कुणाचा तरी आधार हवा आहे. तुम्ही गेलात तर पहिली दोन-तीन वर्षं तिचा भार हलका कराल. पुढे तुम्हाला गरज पडेल तेव्हा तुमचं करण्याइतकं बळ तिच्यात असेल का? तिच्याशी हे एकदा मोकळेपणाने बोला. दोघींनाही बरं वाटेल.

शिवाय राहणार कुठे? रिडेव्हलपमेंटला गेलेली सोसायटी पुन्हा ताब्यात यायला तीन वर्षं तरी धरा, बऱ्याचदा जास्तच लागतात. तोवर भाड्याचं घर बघायचं. सह्यांच्या बाबतीत घाई करू नका आणि भाच्याला कुलमुखत्यारपत्र देऊ नका. तो भला असेलही, पण पुढे गैरसमज होऊ नयेत म्हणूनच म्हणते. फक्त रिडेव्हलपमेंटच्या कामापुरतं, विकण्याचा किंवा पैसे स्वीकारण्याचा अधिकार नसलेलं मुखत्यारपत्र पुण्यातल्या वकिलाकडून लिहून घ्या. न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून पाठवलंत की ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. हे अनेकांचं राहून जातं. तुमच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे, त्यामुळे फ्लॅट तुमच्या नावावर राहायला काहीच हरकत नाही.

आता दवाखान्याचं, कारण या वयात त्यावर बरंच काही अवलंबून असतं. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, भारतात चालत नाही. भारतात नवा आरोग्यविमा घ्यायला पूर्वी बहुतेक कंपन्यांकडे ६५ वर्षांची मर्यादा असायची. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने ती अट काढली, ही चांगली गोष्ट झाली. पण आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. म्हणजे मधुमेह आणि बीपीतून जे उद्भवेल, नेमकं ज्याची तुम्हाला धास्ती आहे, त्याचा खर्च पंचाहत्तरीपर्यंत स्वतःच्या खिशातून. 'तिकडे मेडिकेअरचा उपयोग नाही, मग पार्ट बीचा हप्ता कशाला भरायचा' असं सांगणारे तुम्हाला भेटतील. पार्ट बी म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या फीचा आणि दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा भाग. २०२५ मध्ये त्याचा हप्ता महिना १८५ डॉलर होता. तो वाचवायला पार्ट बी सोडलंत आणि पुढे परत यावं लागलं, तर साधारणपणे जानेवारी ते मार्च एवढ्याच काळात पुन्हा नाव नोंदवता येतं आणि पार्ट बीविना काढलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, तोही कायमचा. दुखणं बळावल्यावर मुलं आईला परत घेऊन येतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. पार्ट बी सोडू नका.

थंडीतल्या मुक्कामासाठी आणखी एक. तुमचा मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फतचं मेडिकेअर) असेल तर सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास तो रद्द होऊ शकतो. मूळ मेडिकेअर आणि सोबत मेडिगॅप हा खासगी पूरक विमा असेल तर काही मेडिगॅप प्लॅन परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा बराचसा खर्च देतात, पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांपुरताच. कार्ड काढून बघा, तुमचा कुठला आहे ते. उरलेल्या दिवसांसाठी प्रवास विमा घ्या. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनची, चिंता नको. तुम्ही अमेरिकन नागरिक आहात, कितीही महिने पुण्यात राहिलात तरी ती बंद होत नाही. एक मात्र तपासा. स्वतःची आणि यजमानांची अशा दोन्ही रकमा मिळत नाहीत, त्यांतली मोठी मिळते. तुम्ही अजून स्वतःचीच घेत असाल आणि यजमानांची जास्त असेल, तर उद्याच ऑफिसला फोन करा. भारतातल्या बँक खात्यांत मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर रक्कम गेली तर अमेरिकेत तसं कळवावं लागतं, हे यजमान करत असतील. आता ते तुमच्याकडे आलंय.

घर मात्र यंदा विकायला काढा. माणूस गेल्यावर वर्षभर मोठे निर्णय घेऊ नयेत असं मी एरवी सांगते, आणि ते वर्ष तुम्ही निभावलंत. आता तारखेचा प्रश्न आहे. राहतं घर विकल्यावर झालेल्या नफ्यातून एकट्या माणसाला अडीच लाख डॉलरची करसूट मिळते, जोडप्याला पाच लाखांची. जोडीदार गेल्यापासून दोन वर्षांच्या आत विकलं तर तुम्हालाही पाच लाखांची सूट लागू होऊ शकते. तुमच्या हाती दहा महिने आहेत. नफा मोजताना घराचा यजमानांचा हिस्सा त्यांच्या मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरला जातो, तोही फायदा आहेच. हे आकडे घेऊन एका सीपीएकडे (हिशेब आणि करांचा परवानाधारक सल्लागार) तासभर बसा, त्याची फी वसूल होईल.

याच कारणाने घर मुलाच्या नावावर करू नका. भेट म्हणून दिलंत तर तुमच्या हिश्श्यापुरती तरी १९८० च्या दशकातली खरेदीची किंमतच त्याच्या माथी येईल आणि विकताना त्याला केवढा तरी कर भरावा लागेल. दुसरं त्याहून गंभीर आहे. मेडिकेअर हॉस्पिटलनंतरच्या नर्सिंगचे काही दिवस देतं, पण अंघोळ घालणं, भरवणं, उठवून बसवणं अशी महिनोन्‌महिने लागणारी मदत ते देत नाही. ती मेडिकेड ही गरजूंसाठीची वेगळी सरकारी योजना देते, संपत्ती जवळजवळ संपल्यावर. आणि त्यासाठी अर्ज केला की मागच्या पाच वर्षांत तुम्ही काय काय देऊन टाकलं ते तपासलं जातं. मुलाच्या मनात काही वावगं आहे असं मी म्हणत नाही. त्याला फक्त आईची काळजी मिटवायची आहे. पण तुमच्या म्हातारपणाचा पैसा तुमच्याच नावावर असू दे.

त्याच्या घरी राहण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण खरं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. "मागच्या वेळी महिनाभर होते, सकाळी सात ते संध्याकाळी सात घरात मी आणि कुत्रा." सुनेबद्दल तुम्ही चांगलंच लिहिलंय, नातवंडांचा जीव आहे तुमच्यावर. तरीही सिअ‍ॅटलला तुम्हाला गाडीने कुठे जाण्यासारखं ठिकाण नाही आणि दार वाजवणारं कुणी नाही. वर्षातून दोनदा जा, भरपूर राहा, पण पाहुणी म्हणून.

मग राहायचं कुठे? एडिसनपासून मन्रो फार लांब नाही. तिथल्या ५५ च्या पुढच्या लोकांसाठीच्या वसाहतींत अलीकडे बरीच भारतीय मंडळी आली आहेत. एकमजली घरं असतात, बर्फ आणि हिरवळ असोसिएशन बघते, क्लब हाऊसमध्ये चालत जाता येतं. महिन्याची फी भरपूर असते, ती आधी विचारा, आणि तिथे वॉकर घेऊन बाथरूममध्ये वळता येतं का ते स्वतः आत जाऊन बघा. न्यू जर्सीच्या प्रॉपर्टी टॅक्सने जीव मेटाकुटीला आला असेल तर ज्येष्ठांना सीनियर फ्रीझ आणि अँकर या राज्याच्या सवलती मिळू शकतात. सीनियर फ्रीझसाठी ठरावीक वर्षं त्याच घरात राहिलेलं असावं लागतं, त्यामुळे सध्याच्या घरावर मिळतेय का ते आधी पाहा. दिवसाची गाडीही एक ना एक दिवस सोडावी लागेल. मिडलसेक्स काउंटीची ज्येष्ठांसाठी बससेवा आहे. तिच्यात आत्ताच, गरज नसताना, दोन-चारदा बसून बघा. किल्ली हातातून गेल्यावर नवी गोष्ट शिकायची उमेद राहत नाही.

इझलिनच्या ज्येष्ठांच्या डे केअर सेंटरला तुम्ही एकदा जाऊन आलात आणि "सगळ्या गुजरातीतच बोलत होत्या" म्हणून परत गेला नाहीत. पुन्हा जा, ताई. जेवण आपल्या जवळचं असतं, भजनं अर्धी ओळखीची निघतील, व्हॅन घरून नेते आणि आणून सोडते. मराठीच हवं तर बृहन्महाराष्ट्र मंडळाचा ज्येष्ठांसाठीचा 'उत्तररंग' उपक्रम आहे, त्यांच्या कार्यक्रमांना नाव द्या. तुमच्यासारख्याच विचारात पडलेल्या कितीतरी जणी तिथे भेटतील.

आता तो प्रश्न, जो वाचून मला रात्री झोप लागली नाही. माझ्या वेळी कोण सांगणार?

यजमानांचं जे झालं ते अनेकांचं होतं. स्मृती जाऊ लागली किंवा मेंदू थकला की नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते आणि लहानपणीची उरते. पण त्या तीन आठवड्यांत तुम्ही एकटीने जे केलं, ते तुमच्यावर पडायलाच नको होतं. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलने रुग्णाला मोफत दुभाषी द्यायचा असतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आणि २०१० च्या आरोग्य कायद्यात त्याला आधार आहे. मागितल्यावर फोनवर किंवा स्क्रीनवर मराठी दुभाषी जोडून देतात. तुम्हाला कुणी ते सांगितलं नाही, याचा मला फार राग आला. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा काउंटरवर सांगून तुमच्या नोंदीत पसंतीची भाषा मराठी अशी लिहून घ्या, आज इंग्रजी उत्तम येत असलं तरीही.

त्याच्या जोडीला एक कागद करा. एका बाजूला आपले शब्द रोमन लिपीत, समोर इंग्रजीत अर्थ. कळ येतेय, चमक निघतेय, गरगरतंय, मळमळतंय, घशाला कोरड पडलीय, कूस बदला, उशी वर घ्या, शू लागलीय, गार वाटतंय, जरा टेकू द्या. 'दुखतंय' एवढं लिहून भागत नाही. पोटात कळ येणं वेगळं आणि छातीत चमक निघणं वेगळं, ते नर्सला कळायला हवं. लॅबमध्ये काम केलंय तुम्ही, हा कागद तुमच्याइतका नेमका कुणी करणार नाही. खाली लिहा, चहा कसा लागतो, कुठल्या कुशीवर झोप लागते, कुठला अभंग लावला की शांत वाटतं. एक प्रत फ्रिजवर, एक पर्समध्ये, एकेक मुलांकडे, एक भजनातल्या मैत्रिणीकडे. मुलांची मराठी कच्ची आहे म्हणता ना? हाच कागद त्यांच्याशी फोनवर वाचा.

आणि बोलणारं माणूस कागदोपत्री नेमून ठेवा. न्यू जर्सीत प्रॉक्सी डायरेक्टिव्ह करता येतं: तुम्हाला बोलता आलं नाही तर उपचारांचे निर्णय कोण घेणार, ते त्यात लिहायचं. दोन साक्षीदार किंवा नोटरी पुरते. मुलीला नेमा, ती गाडीने येण्याच्या अंतरावर आहे. पर्यायी म्हणून मुलाचं नाव घाला. ती येईपर्यंत तुमच्या शेजारी बसून मराठीत बोलेल अशी भजनातली एखादी मैत्रीण ठरवा, आणि तिच्यासाठी तुम्हीही ते करा. दोघी-तिघींनी मिळून असा करार केला तर फार छान. थंडीत पुण्यात असाल तेव्हासाठी तिथेही असाच कागद करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता नोटरीपुढे करता येतो.

येत्या डिसेंबरात पुण्याला जाल तेव्हा बहिणीच्या घरात राहू नका, जवळच महिन्याच्या भाड्याने जागा घ्या. लग्नकार्यं, हुर्डा, नाटकं हे सगळं कराच, पण बँकेत केवायसीसाठी एकट्या जा, दाताच्या डॉक्टरकडे एकट्या जा, संध्याकाळी सहा वाजता सिंहगड रोड ओलांडून बघा. मार्चच्या शेवटी मन पालटलं आणि पुण्यातच राहावंसं वाटलं, तर मला लिहा. त्या वेळी मी वेगळं सांगेन.

राहिलं मुलांना सांगणं. दोघांना एकाच वेळी फोनवर घ्या, म्हणजे एकाने दुसऱ्याला सांगायची वेळ येणार नाही. विचारू नका, सांगा. मुलाला वाईट वाटेल. त्याला वाटेल, आई आपल्याला नको म्हणतेय. म्हणून त्याचं काम त्याला लगेच द्या. असं काहीसं म्हणा: "मी ठरवलंय. हे घर विकणार आहे आणि मन्रोला लहान घर बघणार आहे. तुझ्या नावावर करणार नाही, का ते सीपीए तुला समजावेल, त्याच्याशी तूच बोलायचंस आणि विक्रीचं सगळं तूच बघायचंस, मला त्यातलं कळत नाही. तुझ्या ताईला मी प्रॉक्सी नेमतेय. तिने पुढच्या महिन्यात एक शनिवार-रविवार यायचं, आम्ही दोघी जागा बघू आणि बाबांचे कपडे आवरू, ते मला एकटीला जमत नाहीये."